जहाजातली कवडी आणि दुपारचा पहारा

कीर्तनात आपलं नाव निघावं, एवढी एकच वासना बन्सीधररावांच्या पोटात उरली होती. बाकीच्या वासना पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं कारकुनी करताना आपोआप झिजून गेल्या.

ताडकळसच्या आसपास सप्ताह कुठंही असो, बन्सीधरराव पहिल्या रांगेत, डावीकडच्या खांबाला लागून. महाराजांनी अभंगाचं पहिलं चरण घेतलं की यांची मान हलायला लागायची ती आरतीलाच थांबायची. दोन-तीन कीर्तनकारांनी तर खासगीत कबूल केलं होतं, की ही मान समोर हलत असली की बोलायला हुरूप येतो. पण नाव? नाव आजवर एकदाच निघालं होतं. चार वर्षांमागं, ऐन रंगातल्या कीर्तनात, हजार माणसांत, माईकवरून: "बन्सीधरराव, जरा सरकून बसा, मागच्यांना दिसंना."

हे काही त्यांनी हिशेबात धरलं नव्हतं.

उलट शेजारचे व्यंकटराव. खत-बियाण्याचं दुकान, सप्ताह समितीचे अध्यक्ष. त्यांनी मंडपाला पत्रे दिले त्या साली त्यांचं नाव एका कीर्तनात तीनदा निघालं. तिसऱ्यांदा तर प्रल्हाद कढईत असताना. बन्सीधररावांना प्रल्हादाचं पुढं काय झालं ते त्या दिवशी ऐकूच आलं नाही. एका देवभोळ्या माणसाच्या मनात प्रल्हादाच्या वेळी पत्रे यावेत, याची त्यांना पुढं फार लाज वाटली. पण आले खरे.

अशात जावयाची कवडी आली.

जावयाचं नाव परमेश्वर. पुण्यात कॉम्प्युटरवर असतात. कंपनीनं त्यांना चार महिने हॉलंडला धाडलं होतं. तिथल्या एका बंदराच्या गावातून त्यांनी सासऱ्यासाठी भेट आणली. लेक अर्पितानं डबी पुढं केली. सुमनबाईंनी, म्हणजे अर्पिताच्या आईनं, हळदकुंकवाची बोटं पदराला पुसून ती उघडली. आत कापसावर एक कवडी. नखाएवढी, पिवळट, एका कडेला टवका उडालेली.

"बाबा, ही तसली न्हाई बरं का," अर्पिता घाईनं म्हणाली. "जुन्या व्यापारी जहाजातली हाय. जहाज बुडालं, अडीचशेच्या वर वर्षं समुद्रात होतं. पाणबुड्यांनी वर काढली. हे बघा प्रमाणपत्र."

प्रमाणपत्र मात्र देखणं होतं. जाड कागद, हिरवी किनार, गोल शिक्का. मजकूर इंग्रजीत. बन्सीधररावांचं इंग्रजी 'विथ रेफरन्स टू युवर लेटर'पासून सुरू होऊन 'युवर्स फेथफुली'ला संपायचं. मधलं आजवर साहेबांनीच वाचलेलं. त्यांनी चष्मा लावून 'शिप' ओळखलं, 'कंपनी' ओळखलं, सतराशे चाळीस हा आकडा ओळखला आणि उरलेल्या बारा ओळी विश्वासावर सोडल्या. या बारा ओळी ध्यानात ठेवा.

पहिले दोन दिवस घरात सुतकच होतं. जावयानं हॉलंडहून काय आणलं, असं कुणी विचारलं की सुमनबाई "शोपीस" म्हणायच्या. सासऱ्याला जावयानं कवडी दिली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? पण तिसऱ्या दिवशी बन्सीधररावांना पारावर बसल्या बसल्या साक्षात्कार झाला. अडीचशे वर्षं समुद्राच्या तळाशी पडून राहिलेली वस्तू तरून वर येते, हा तर कीर्तनाला तयार दृष्टांत! काल्याच्या कीर्तनात महाराज म्हणतील, "आणि हीच ती कवडी, आपल्या बन्सीधररावांची…" पुढचं त्यांना ऐकवेना. डोळे भरून आले.

गावात बातमी गेली आणि सल्ले यायला लागले. पहिला सल्ला राधाकिशनचा. हा त्यांचा टाळकरी मित्र, कुठल्याही गोष्टीची परीक्षा ठाऊक असलेला. "खरी समुद्रातली असली तर दुधात टाकल्यावर बुडबुडे येतेत." वाटीत दूध घेतलं, कवडी टाकली, दोघंही डोळे लावून बसले. बुडबुडे यायच्या आत मांजर आलं. दूध त्यानं घेतलं, वाटी लवंडली आणि कवडी टणटण करत मोरीच्या भोकात गेली. तास-दीड तास बन्सीधरराव तारेचा आकडा करून मोरीपुढं पालथे.

सुमनबाई चहा घेऊन मागं उभ्या. "अडीचशे वर्षं समुद्रात राहिली ती. तिला मोरीचं काय? तुमी तेवढे उठा."

कवडी निघाली, धुऊन देवघरात बसली. दुसरा सल्ला सुलाबाईंचा. सुलाबाई देवीच्या आराधी, गळ्यात कवड्यांची माळ. त्यांनी दारातूनच हात जोडले. "कवडी देवीची असती, दादा. माणसाच्या घरात ऱ्हात न्हाई. मंगळवारी माझ्या परडीत टाका, न्हाईतर ती आपल्या पायानं येईल." त्या सात्त्विक बाई, पण 'आपल्या पायानं' म्हणताना त्यांनी देवघराकडं असं काही पाहिलं, की बन्सीधररावांनी त्याच संध्याकाळी कवडी देवघरातून काढली. सुमनबाईंनी लाल कापडाची थैली शिवली. सोबत अक्षता आणि एक बत्तासा घातला. थैली सदऱ्याच्या खिशात गेली.

तिसरा सल्ला व्यंकटरावांचा, आणि तो फार गोड आवाजात आला. "शंभर वर्षांवरची वस्तू हाय, बन्सीधरराव. सरकारात नोंद केली का? न्हाई, मला काय. पण उद्या कुणी अर्ज केला तर लय बेज्जती व्हती."

अर्ज कुणाचा येईल ते बन्सीधररावांना व्यंकटरावांच्या मिशीतच दिसलं. दुसऱ्या दिवशी ते एका सरकारी कचेरीत उभे होते.

"काय नोंदवायचंय?" खिडकीतल्या बाबूनं विचारलं.

"कवडी."

"किती नग?"

"एक."

बाबूनं मान वर केली. "सजीव का निर्जीव?"

"आता निर्जीव."

"आता मंजी? कधी वारली?"

"अंदाजे सतराशे चाळीस."

"मृत्यूचा दाखला?"

"जहाज बुडाल्याचं प्रमाणपत्र हाय."

"मग बुडीताचं टेबल. शेवटची खोली."

बुडीताच्या टेबलावरच्या बाईंनी सांगितलं, की पंचनामा झाल्याशिवाय बुडालेलं धरता येत नाही, आणि सतराशे चाळीसच्या अतिवृष्टीची मुदत टळून गेली. तिथून जंगम मालमत्ता, तिथून वन्यजीव, तिथून परत खिडकी. सहाव्या टेबलाला बन्सीधररावांना एकाएकी आठवलं, की हे सगळं आपण ओळखतो. तेहतीस वर्षं आपणही लोकांना असंच शेवटच्या खोलीत धाडलं. एका म्हाताऱ्याला तर पाटाच्या पाळीसाठी सतरा वेळा. त्याचं नावही आता आठवेना. कानाच्या पाळ्या तापल्या. शेवटी त्यांनी कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला, आवक-शिक्का मारून घेतला, आणि कंपनीचं जहाज धक्क्याला लावल्याच्या ऐटीत एसटीनं परत आले.

सप्ताह हनुमान जयंतीला धरून. यंदाचं वर्ष एकसष्टावं. ज्यांनी सप्ताह पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की अखंड हरिनाम सप्ताहाचा सगळा प्राण वीणेत असतो. पहिल्या दिवशी ती गळ्यात घेतली की सात दिवस ती खाली टेकवायची नाही. दोन-दोन तासांचे पहारे असतात. एकानं पहारा संपवला की पुढच्याच्या पाया पडायचं, त्यानं याच्या पाया पडायचं, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात. नाम थांबायचं नाही, वीणा टेकायची नाही. ताडकळसच्या त्या मारुतीपुढं साठ वर्षांत ती टेकली नव्हती. एका साली वादळात मंडप उडाला, पण वीणेकरी उघड्यावर गारा खात उभा राहिला. त्या गारा गाव अजून सांगतं.

पहाऱ्यांचा फळा व्यंकटरावांच्या हातात. पहाटेचे पहारे त्यांच्या पाहुण्यांना, संध्याकाळचे देणगीदारांना, आणि दुपारी एक ते तीन बन्सीधररावांना. पंगतीत पोटभर जेवलेलं गाव त्या वेळी मंडपात आडवं झालेलं असतं. ऐकायला पत्रे आणि माशा.

पाचव्या दिवशी बन्सीधरराव पहाऱ्यावर उभे होते. जोडीला टाळकरी राधाकिशन. तो सव्वा वाजता खांबाला टेकला आणि दीडला घोरायला लागला. मागं चपलांपाशी छबूबाई उन्हात परात घेऊन भाकरीचं पीठ मळत होती. छबूबाई दसऱ्याला नवऱ्यासोबत ऊस तोडायला जायची, पाडव्याला परतायची आणि सप्ताहात पंगतीच्या भाकरी थापायची. कीर्तन ऐकायची ती तिथूनच, चपलांपासून. शेजारी तिची काळी शेळी पत्रावळी हुंगत होती.

नाम चालू होतं. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी. अन् बन्सीधररावांचा डावा हात आपसूक खिशाकडं गेला. काल्याचं कीर्तन परवावर आलेलं. सिताराम महाराज पाथरीहून येणार, कवडीचं ऐकून त्यांनी होकार दिलेला; ताटात कवडी ठेवणार, शाल-श्रीफळ. कवडी जागेवर आहे का, एवढंच बघायचं होतं. थैली निघाली, घामेजल्या बोटांतून निसटली आणि खाली पडली. शेळीला बत्ताशाचा वास आधीच आलेला असावा. तिनं थैली तोंडात धरली आणि मंडपाबाहेर चालू लागली.

आता इथं काय करायचं असतं ते लहान पोरालाही ठाऊक आहे. राधाकिशनला हाक मारायची. पण हाक मारली तर नाम थांबतं. नाम थांबवायचं नाही म्हणून बन्सीधररावांनी हाक मारली नाही. त्याऐवजी त्यांनी वीणा गळ्यातून काढली, खांबाला टेकवून सतरंजीवर ठेवली आणि शेळीमागं पळाले. नाम न थांबवण्यासाठी वीणा खाली ठेवणारा माणूस त्रिभुवनात दुसरा सापडायचा नाही.

शेळी पाराला वळसा घालून बाजाराच्या ओट्यांवर चढली. बन्सीधररावही चढले. धोतराचा सोगा एका खिळ्यात राहिला. मागून बाईच्या आवाजात रामकृष्णहरी ऐकू येतंय असा त्यांना भास झाला; अपराधी माणसाला असले भास होतातच. शेवटी एसटी थांब्याच्या मागं शेळीनं बत्तासा खाल्ला, अक्षता खाल्ल्या आणि कवडी थुंकली. लाळेत बरबटलेली ती कवडी उचलून ते धापा टाकत मंडपात आले. गाव तसंच झोपलेलं. राधाकिशन तसाच. वीणा खांबाला तशीच टेकलेली, फक्त भोपळ्यावर पांढरं पीठ लागलेलं. त्यांनी ते उपरण्यानं पुसलं, वीणा गळ्यात घातली आणि म्हटलं, "रामकृष्णहरी." आवाज निघाला तो बेडकासारखा.

तीन वाजता पुढचा वीणेकरी आला. त्यानं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, तेव्हा बन्सीधररावांना वाटलं, धरणी का नाही फाटत.

त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी आमटी-भाकरीला हात लागला नाही. सुमनबाईंनी कपाळाला हात लावून पाहिला. "तापलं तर न्हाई. कवडी हरवली का?"

"न्हाई. हाय ना."

"मग गेलं काय?"

साठ वर्षांचं गावाचं भूषण, गारा खाल्लेला तो वीणेकरी, सगळं त्यांनी एका बत्ताशाच्या थैलीपायी मोडलं होतं. सांगावं तर गावाची मान खाली. न सांगावं तर उद्या शाल अंगावर. कीर्तनात आपल्यासमोर कुणी खोटं बोललं तर ज्यांची मान हलायची थांबायची, असे हे बन्सीधरराव. सहाव्या दिवसाच्या कीर्तनात त्यांची मान एकदाही हलली नाही. महाराजांनी पाणी मागवलं.

काल्याचा दिवस उजाडला. दहाच्या सुमाराला मंडप खचाखच. कवडी चांदीच्या ताटात, भोवती फुलं. सिताराम महाराज मोठे प्रेमळ आणि तितकेच चौकस, म्हणाले, "कागद हाय म्हणता ना? मग वाचा. देवाच्या दारी अंदाजपंचे नको." व्यंकटरावांनी शाळेतल्या धम्मशीला मॅडमना बोलावलं. त्या इंग्रजी शिकवतात. त्यांनी कागद एकदा मनात वाचला आणि बन्सीधररावांकडं पाहिलं.

"काका, तुम्ही वाचलंय ना हे सगळं?"

"व्हय… मंजी… वरचं."

मॅडमनी माईक घेतला. जहाज लंकेहून हॉलंडला निघालेलं, पोती भरभरून कवड्या घेऊन. तिथून त्या कवड्या आफ्रिकेच्या किनाऱ्याला जायच्या. त्या मुलखात तेव्हा कवड्या चलनात होत्या. आणि त्या देऊन तिथं व्यापारी माणसं विकत घेत. बाया, बाप्ये, पोरं. दुसऱ्या जहाजात भरून समुद्रापार मळ्यांवर राबायला नेत. मॅडम थांबल्या. मग हळू म्हणाल्या, "बऱ्याचदा उसाच्याच मळ्यांवर."

मंडपात पत्र्याचा आवाज ऐकू यायला लागला.

मागून, चपलांपासून, छबूबाईनं विचारलं, "मंजी आमच्यासारखी आगाऊ उचल देऊन न्यायचे व्हय, मॅडम?"

"उचल नाही, छबूबाई. विकतच. परत येणं नाही."

"मंग आमचं बरं म्हणायचं," छबूबाई म्हणाली. "आमी पाडव्याला येतो तरी."

एक-दोघं हसले, आणि लगेच ताटाकडं बघायला लागले. ताटातली कवडी फुलांत चमकत होती. बन्सीधररावांना वाटलं, आत्तापर्यंत मी हिला हळदकुंकू वाहिलं. माणसं तोलायच्या मापाला. आणि हिच्यासाठी…

महाराज पुढं झाले. "असो. अशी वस्तू हरिनामाच्या दारी आली, तिचाही उद्धार झाला म्हणू. ज्यांनी आणली त्यांचा, आणि या गावाच्या एकसष्ट वर्षांच्या अखंड…"

"अखंड न्हाई," बन्सीधरराव म्हणाले.

ते कधी उठले, त्यांनाही कळलं नाही. व्यंकटराव शाल उलगडत होते, ते तसेच राहिले.

"अखंड न्हाई, महाराज. परवा दुपारी म्या वीणा खाली ठेवली. या कवडीपायी. शेळीमागं पळालो. दहा-पंधरा मिंटं. कुणी बघितलं न्हाई म्हणून गप ऱ्हायलो. शाल नका टाकू."

मंडपात जो गलका उठला तो सांगत नाही. 'साठ वर्षांत' हे शब्द मात्र चाळीस तोंडांतून ऐकू आले. "आता पुन्यांदा एकपासून मोजायचं का काय!" व्यंकटराव ओरडले. राधाकिशन म्हणाला, "म्या तर जागाच होतो," आणि मग जागा असलेल्यानं काय पाहिलं हे कुणी विचारलं तेव्हा तो खाली बसला.

"मोडला न्हाई सप्ता."

छबूबाई उभी होती. हाताला पीठ.

"मालक पळाले तवा म्या परात टाकून आले. टेकली ना टेकली तवर उचलली. गळ्यात घातली, हुबी ऱ्हायले, नाम घेतलं. मालक एसटी थांब्याकडून येताना दिसले तवा परत होती तशी ठिवली."

"मग बोलली का न्हाईस?" व्यंकटराव.

"काय बोलायचं?" तिनं हात पदरात झाकले. "मला कोण वीणा दिली असती? अन् मालकाला सरम वाटली असती. शेळी बी माझीच." मग कुणी विचारलं नसताना हळूच, "ठिवली तवा माझ्या हातानं बी टेकलीच की. त्ये पाप माझं."

बन्सीधररावांना भोपळ्यावरचं पीठ आठवलं. आपण ते डाग म्हणून पुसलं होतं.

समितीत कुजबुज सुरू झाली. बाईनं घेतलेला पहारा धरायचा का, दोनदा टेकली ते किती क्षण, फळ्यावर नाव नसताना चालतं का. सतराशे चाळीसच्या बुडीताइतकाच किचकट प्रश्न होता. तिला शेवटच्या खोलीत पाठवायचंच बाकी होतं. सिताराम महाराज मात्र गादीवरून उतरले. माणसांतून वाट काढत चपलांपाशी गेले, आणि एक पहारेकरी दुसऱ्याच्या पडतो तसे छबूबाईच्या पाया पडले. ती मागं सरायला लागली. मागं चपलाच होत्या. मग रीतीप्रमाणं तीही त्यांच्या पाया पडली. कुजबुज बंद झाली.

"छबूबाई," महाराज माईकवर येऊन म्हणाले, "आजचा काला तुमी पुढं बसून ऐकायचा. छबूबाईला वाट द्या. छबूबाई, या."

तीनदा नाव निघालं. बन्सीधररावांनी मोजलं, इतक्या वर्षांची खोड. तिनं पदराला हात पुसले आणि आली. पण पुढच्या रांगेत तसूभर जागा नव्हती. देणगीदार मांडीला मांडी लावून बसले होते, आणि त्यांतला एकही हलेना. डावीकडच्या खांबाशी बन्सीधरराव अजून मान खाली घालून उभेच होते.

महाराजांनी त्यांच्याकडं पाहिलं. हजार माणसांत, माईकवरून, अगदी मायेनं म्हणाले, "बन्सीधरराव, जरा सरकून बसा."

बन्सीधरराव सरकले. खांबापासून सरकत, एकेकाची माफी मागत ते इतके मागं गेले, की चपलांपाशी परातीजवळ येऊन टेकले. शेळीनं त्यांचा रिकामा खिसा हुंगला. टाळ सुरू झाले, महाराजांनी पहिलं चरण घेतलं, आणि तिथून, पार मागून, दोन दिवसांनी त्यांची मान पुन्हा हलायला लागली.